आठव्या कालखंडातली शिक्षा

आमच्या शाळेत एक सर होते. त्यांनी शिक्षा द्यावी म्हणून पोरं एकमेकांना ढकलून पुढे यायची. आता तुम्ही म्हणाल, ही बाई काय सांगून राहिलीय. सांगते. फक्त मधे टोकू नका. मी गणिताची बाई आहे, मधे टोकलं की पहिल्यापासून सुरू करते.

आमची शाळा उज्जैनची. देवास गेटच्या बस स्टँडवरून आत वळलं की जुनी वस्ती लागते, तिथे. मराठी माणसांनी काढलेली शाळा, पण आता वर्गात मराठी पोरं मोजकीच. बाकी सगळी हिंदी बोलणारी, मालवी बोलणारी. माझं माहेर इथलं, सासर इथलं. आमचे पूर्वज कधीकाळी दरबारात कारकुनी करायला आले ते परत गेलेच नाहीत. घरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि संताप आला की जी भाषा आधी तोंडात येईल ती. त्यामुळे आमचा कधी घोटाळा होत नाही. घोटाळा होतो तो तिकडून, खास महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा.

सर तसे तिकडचे. परभणीकडचे. त्यांची बायको बँकेत अधिकारी, तिची बदली होईल त्या गावी हे बाडबिस्तरा घेऊन जायचे आणि मिळेल त्या शाळेत नोकरी धरायचे. "ती बँकेची आणि मी तिचा," असं कुणालाही सांगायचे, अगदी रिक्षावाल्यालासुद्धा. नानाखेड्याला भाड्याने राहायचे आणि तिथून सायकलवर शाळेत यायचे. उंच, किडकिडीत, शर्टाचे दोन्ही खिसे कायम फुगलेले. त्या खिशांत काय असायचं ते पुढे सांगते.

पहिल्या दिवशी स्टाफरूममधे आले आणि भिंतीवरच्या वेळापत्रकासमोर उभे राहिले. हात मागे बांधलेले, मान वाकडी. वेळापत्रक अर्थात हिंदीत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, इथे शुक्रवारी आठवा कालखंड लिहिलाय. आधीचे सात कालखंड संपायला किती युगं लागतात?"

मी म्हटलं, "अहो, इकडे पीरियडला कालखंड म्हणतात."

"असं होय," म्हणाले आणि परत वाचायला लागले. त्या आठव्या कालखंडापुढे त्यांचं नाव होतं आणि विषय होता 'पर्यावरण शिक्षा'. आता हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. यांना ते ठाऊक नसेल असं माझ्या मनातही आलं नाही. मी आपली चहा पीत होते. बघते तर माणसाचा चेहरा उजळलेला. "वा," म्हणाले, "वा वा. इतक्या शाळा फिरलो. सगळीकडे पर्यावरणाचा निबंध असतो, प्रभातफेरी असते, पोस्टर असतं. पर्यावरणाची शिक्षा कुणी ठेवलेली नव्हती. हिंमतीची शाळा आहे तुमची."

आणि मी काही बोलायच्या आत खडू उचलून गेले. सहावीच्या वर्गात शिरून त्यांनी विचारलं, "बोलो, किसने किसने गुन्हा किया है?"

नंतर मी त्यांना अर्थ सांगितला. तोवर सहावीतल्या पोरांना शिक्षा होऊन गेल्या होत्या. सर म्हणाले, "म्हणजे हिंदीवाल्यांचं चुकलंय. दुरुस्त करायला त्यांना वेळ लागेल, तोवर आपण आपलं चालू ठेवू." त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं सजा सर. त्यांना ते इतकं आवडलं की फोनवरसुद्धा तेच सांगायचे.

त्यांची हिंदी म्हणजे आमच्या शाळेची करमणूक होती. सहावीच्या वर्गावर एकदा ते भडकले आणि म्हणाले, "मुझे अब बहुत राग आ रहा है." पोरं हात जोडून म्हणाली, "सर, सुनाइए ना." ते आणखी भडकले. "चेष्टा मत करो," म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी एक आई मुख्याध्यापिकेकडे तक्रार घेऊन आली, की हे नवे सर मुलांना सांगतात कोशिशच करू नका; हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी दुभाषी. माझे मोकळे तास या असल्या निस्तरण्यात जायचे. मी चिडून त्यांना म्हटलं, "सर, एक तर नीट हिंदी शिका नाहीतर हातवारे करा." तर मला म्हणतात, "तुम्ही 'येऊन राहिले, जाऊन राहिले' असं मराठी बोलता, मी कधी काही म्हटलं?"

तर शिक्षा. सरांचा नियम एकच होता आणि तो ते मराठीतच सांगायचे, कारण हिंदीत सांगितला की बिघडायचा. नियम असा: "वापरलंस ना? आता ते तुझं."

एखाद्या पोराने कुरकुऱ्याचं पाकीट मैदानात टाकलं, की ते पाकीट त्याचं. टाकायचं नाही, जाळायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं नाही. त्याचा काहीतरी उपयोग सापडेपर्यंत खिशात घेऊन हिंडायचं. घरी न्यायचं, जेवताना शेजारी ठेवायचं. नळ उघडा टाकला, तर तेवढं पाणी बादलीने आणून झाडांना घालायचं. रिकाम्या वर्गात पंखा चालू ठेवला, तर वर्गाला वहीने वारा घालायचा. आणि ही शिक्षा सरांनाही लागू. त्यांचे ते फुगलेले खिसे म्हणजे त्यांचे स्वतःचे गुन्हे. पेनाच्या संपलेल्या रिफिली, औषधाच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं, कुठल्याशा लग्नातून आलेला थर्माकोलचा द्रोण. "हा जबलपूरचा," द्रोण दाखवून सांगायचे, "अजून उपयोग सापडला नाही."

सकाळी देवास गेटला पोहे-जलेबी खायला जायचे ते स्वतःची स्टीलची ताटली घेऊन. सुरुवातीला पोहेवाला हसायचा. पुढे पुढे त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "आओ सजा सर, थाली निकालो." त्याच्या गाड्यावर खाणारी आमची दोन-चार पोरं मग लाजून डबे आणायला लागली. पोहेवाला म्हणाला, सर, तुमच्यामुळे माझे रद्दी कागद उरायला लागले. तर सर म्हणतात, "वापरू नका, मग ते तुमचे होणार नाहीत."

शुक्रवारी आठव्या कालखंडात कडुलिंबाखाली अदालत भरायची. पोरं आपापले गुन्हे स्वतः कबूल करायची. शाळेत गणित चुकलं तर कबूल करत नाहीत हो, इथे मात्र हात वर. एकदा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, मैंने नल खुला छोड़ा."

सरांनी विचारलं, "कब?"

"बस, अभी छोड़ के आता हूँ."

याचं कारण होतं विहीर. ती साफ झाल्यापासून सगळ्यांना विहिरीची शिक्षा, म्हणजे रहाटाने बादल्या ओढायची, हवी असायची.

ही विहीर शाळेच्या मागच्या अंगाला. मी या शाळेत आले तेव्हापासून तिचं पाणी मी बघितलेलं नव्हतं. वस्तीतले लोक त्यात निर्माल्य टाकायचे. निर्माल्य पाण्यात सोडायचं असतं, मग क्षिप्रेच्या घाटापर्यंत कोण जाणार, शाळेची विहीर जवळ. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून हारफुलं धप्पकन आत. नवरात्रातले घट, जुन्या कॅलेंडरवरचे देव, फुटक्या काचेच्या तसबिरी. देवाचं आहे म्हणून काढायची कुणाची छाती नव्हती. आठवीच्या वर्गाच्या खिडक्या वासामुळे बंद असायच्या. आणि आमच्याच एका मुलाला सरांनी पिशवी टाकताना धरलं. आईने दिली म्हणाला. "सोडलंस ना? आता ते तुझं."

मग काय, अख्खा वर्ग. विहिरीत पडलेली बादली काढायचा लोखंडी गळ असतो ना, तो दोराला बांधला आणि सुरू झाले. गाळ काढायला सरांनी माणसं बोलावली, पोरांना कठड्याच्या आत पाऊल टाकू दिलं नाही, हे मी स्वतः पाहिलंय. वर जाळी बसवली, तिला बादलीपुरतं तोंड ठेवलं. कुजकी फुलं खड्ड्यात पुरली आणि त्यावर झेंडू लावला. पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या, तर लोक विचारायचे, शाळेत लग्न आहे का. तसबिरीतले देव पुसून पुसून संगीताच्या खोलीत ओळीने लावले. आणि एका शुक्रवारी पोरं किंचाळत माझ्या वर्गात घुसली. मी खडू फेकून मारणार होते, तर म्हणतात, "मैडम, पानी दिख रहा है." मी गेले. खाली खरंच पाणी, आणि त्यात आमची डोकी दिसत होती. मला काय झालं माहीत नाही, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर शेजारी उभे. मला वाटलं आता टोमणा मारणार. तेही पाण्याकडेच बघत होते.

मला स्वतःला शिक्षा झाली तीही सांगून टाकते. स्टाफरूमचा नळ माझ्या हातून उघडा राहिला. मी साफ सांगितलं, "मी सीनियर आहे, मी बादल्या ओढणार नाही." सर बरं म्हणाले. मधल्या सुट्टीत सहावीचा वर्ग येऊन स्टाफरूमच्या दारात उभा राहिला. बोलत नाहीत, हसत नाहीत, नुसती माझ्याकडे बघतायत. मी पराठ्याचा घास तोंडात घेऊन किती वेळ बसणार? गेले. पदर खोचला आणि रहाटावर दोर टाकला. खोटं कशाला बोलू, मजा आली. बादली वर येताना तो रहाट जो कुईकुई करतो, तो आवाज ऐकून दुसरी बादली सोडावीशी वाटते.

आता रेवाचे आजोबा. रेवा सहावीतली, मराठी मुलगी. तिच्या आईचे वडील साताऱ्याहून लेकीकडे राहायला आले होते. पोलिसातून फौजदार म्हणून निवृत्त झालेले, मिशा अजून नोकरीवर. रेवा शाळेतून घरी गेली आणि आनंदाने सांगती झाली, "आजोबा, आज मला पर्यावरण शिक्षा दिली. विहिरीची." दुसऱ्या दिवशी आजोबा मुख्याध्यापिकेच्या खोलीत.

आमच्या मुख्याध्यापिका मैडम हिंदीभाषी, अतिशय सज्जन. मी तिथे वह्या तपासत बसले होते.

आजोबा म्हणाले, "आप मेरी नात को शिक्षा देते हैं?"

मैडम म्हणाल्या, "जी, बिल्कुल देते हैं."

"रोज?"

"इतवार छोड़ के रोज."

"सब बच्चों को?"

"सबको. लड़का-लड़की में कोई भेद नहीं करते. जो कमजोर हैं उनको तो छुट्टी के बाद अलग से देते हैं."

आजोबांच्या मिशा थरथरल्या. "मारके?"

"नहीं नहीं, दादाजी. हमारे यहाँ प्रेम से शिक्षा दी जाती है. अगले साल से तो नर्सरी से ही शुरू कर रहे हैं."

आजोबा माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "उभी हयात पोलिसात गेली माझी. प्रेमाने शिक्षा देणारं ठाणं नाही पाहिलं." मी पदर तोंडात कोंबून बसले होते. हसू ओसरल्यावर मी त्यांना शब्दाचा घोळ समजावला. त्यांनी ऐकून घेतलं. फौजदारच ते. म्हणाले, "शब्द राहू द्या बाजूला. माझी नात विहिरीवर दोर ओढत होती, हे खरं की खोटं?"

खरंच होतं.

आजोबा तिथून थेट संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षसाहेबांना आयतंच कारण मिळालं. त्यांना मागची जागा सपाट करून हवी होती. सिंहस्थ येतोय, गावभर रस्ते रुंद होतायत, बाहेरच्या गाड्या लावायला जागा लागणार, मागच्या अंगणात फरशी घातली की शाळेचं भलं होईल, असं त्यांचं चाललेलं. मधे विहीर आड येत होती. आता तर पालकाचीच तक्रार, तीही फौजदाराची. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की शुक्रवारच्या या शिक्षा बंद, आणि शनिवारी मलब्याची ट्रॉली येईल, विहीर बुजवायची.

शाळा सुटल्यावर सर विहिरीच्या कठड्यावर बसलेले दिसले. मी म्हटलं, "सर, भांडा ना. तुम्ही नाही भांडत तर मी जाते भांडायला, मला काय, मी घरी पण भांडतेच."

ते म्हणाले, "बायकोची बदली आली, मॅडम. हे सत्र संपलं की जायचं."

मग आपणहून बोलायला लागले. परभणीला रोपवाटिका केली होती. निघाले आणि पुढच्या उन्हाळ्यात जळाली. जबलपूरला ओल्या कचऱ्याचे हौद केले, तिथे आता सायकली ठेवतात. दर गावातून कुणाचा तरी फोन यायचा, सर, तुमचं ते बंद झालं. "मी गेलो की जातं सगळं," म्हणाले. "एक गाव तरी असावं वाटतं, जिथे मी नसताना चालू आहे. फार नाही मागत. ही एक विहीर." हा माणूस एवढं सरळ बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं. मला अध्यक्षांचा असा संताप आला की काय सांगू.

पण अध्यक्षांना बुडवलं ते अध्यक्षांनीच. त्यांचा एक हट्ट होता. ही शाळा मराठी माणसांनी काढली, तेव्हा शाळेची प्रत्येक सूचना शुद्ध मराठीतच लागली पाहिजे. आम्ही कितीदा म्हटलं, साहेब, पालक हिंदी आहेत. नाही म्हणजे नाही. तर शुक्रवारी संध्याकाळी फाटकावर मोठ्या अक्षरात सूचना लागली: 'सर्वांस कळविण्यात येते की, उद्यापासून या शाळेत मुलांना शिक्षा देणे पूर्णपणे बंद करण्यात येत आहे. आदेशावरून.'

शनिवारी सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी आले तर रस्ता बंद. सगळे पालक फाटकावर. कुणी स्कूटरवर उभं राहून वाचतंय, कुणी फोटो काढतंय. मराठी येत नव्हतं, पण लिपी तीच की. शाळा कळलं, शिक्षा कळलं, बंद कळलं, आणि खाली आदेश. एक जण ओरडून राहिला होता, "भैया, शिक्षा ही बंद कर दी तो स्कूल किस बात का?" दुसरा शाळा सोडल्याचा दाखला, टीसी, मागत होता. आणि तेवढ्यात गल्लीत ती मलब्याची ट्रॉली शिरली. गावात रुंदीकरणात घरं पडत होतीच. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या. "स्कूल तोड़ रहे हैं रे," असा गिल्ला झाला आणि बायका ट्रॉलीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ट्रॅक्टरवाला बिचारा इंजिन बंद करून उतरला आणि पोहे खायला निघून गेला.

अध्यक्षसाहेब आले. गर्दीतून वाट काढत पायरीवर चढले आणि घाम पुसत म्हणाले, "भाइयो, गलतफहमी हुई है. मराठी में शिक्षा मतलब सजा. हमने तो सजा बंद की है."

मागून एक आई म्हणाली, "मतलब अब तक सजा देते थे?"

झालं. आगीत तेल. "किस बात की सजा? हमारे बच्चों को?" मुख्याध्यापिका मैडम पांढऱ्या पडल्या. मला खरं तर हसू येत होतं, पण शाळा हातची जाते की काय अशी भीतीही वाटत होती. आणि तेव्हाच आतून पोरांचा आवाज सुरू झाला. सहावीचा वर्ग फाटकाच्या गजांना लटकून ओरडत होता, "सजा चालू करो, सजा चालू करो."

पालक चक्रावले. अशी मुलं कुणी बघितली आहेत? रेवाचे आजोबा गर्दीत होते, त्यांनी फाटकाची कडी उघडली आणि नातीला विचारलं, "काय चालवलंय हे?" तिने त्यांचा हात धरला आणि विहिरीकडे ओढत नेलं. त्यांच्यामागे बाकीचे. मिनिटभरात सगळा जमाव मागच्या अंगणात, आणि पोरं आपापल्या आईबापांना जाळीतून पाणी दाखवतायत. इधर देखो मम्मी, नीचे देखो. हा आमचा झेंडू, हा तुमच्याच घरच्या निर्माल्यातला. वस्तीतल्या बायका त्या झेंडूकडे बघत राहिल्या. त्या विहिरीत काय होतं ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

आजोबांनी जाळी हलवून पाहिली. कठडा दाबून पाहिला. नातीला बाजूला केलं आणि स्वतः दोर ओढला. रहाट कुईकुई करायला लागला. बादली वर आली, ती त्यांनी कडुलिंबाच्या आळ्यात ओतली. सगळे त्यांच्याकडे बघतायत. त्यांनी बादली परत खाली सोडली.

एका आईच्या हातात भाजीची प्लास्टिकची पिशवी होती. तिने घाईत ती कठड्यावर ठेवली, तर एक चिमुरडी मुलगी तिच्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आंटी, वापरली ना? आता ती तुमची." मराठीत, अस्सल परभणीच्या हेलात. ती मुलगी मालवी घरातली. सगळे हसले. ती बाईही हसली आणि पिशवी घडी घालून कमरेला खोचली.

मैडम अध्यक्षांच्या कानाशी लागल्या. "सर, शिक्षा चालू कर दीजिए." अध्यक्षसाहेबांना दुसरा मार्गच नव्हता. त्यांनी हात वर करून जाहीर केलं, "इस स्कूल में शिक्षा बंद नहीं होगी. आज भी चलेगी, हमेशा चलेगी."

टाळ्या वाजल्या. आणि गर्दीच्या मागून सजा सरांचा आवाज आला, अगदी साळसूद, मोडक्या हिंदीत. "और पर्यावरण शिक्षा?"

"वो भी," पालक एका सुरात म्हणाले.

"कुएँ के साथ?"

आता सगळे अध्यक्षांकडे बघायला लागले. आजोबासुद्धा, दोर हातात धरून. अध्यक्षसाहेबांनी विहिरीकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं. "कुएँ के साथ," म्हणाले. मी आयुष्यात एवढ्या जोराने टाळ्या वाजवल्या नाहीत. माझी एक बांगडी फुटली.

गर्दी पांगल्यावर अध्यक्ष फाटकावरची सूचना फाडून ट्रॉलीत टाकायला निघाले. सरांनी त्यांना अडवलं. "साहेब, कागद वापरलात ना?" अध्यक्षसाहेब लालबुंद झाले. मला वाटलं आता नोकरी जाते यांची. पण तिथे आजोबा उभे होते, सहावीचा वर्ग उभा होता. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. ती पुढे कुठे उपयोगाला आली मला माहीत नाही, विचारायची माझी हिंमत झाली नाही.

सत्र संपलं आणि सर गेले. जाताना भाषण केलं नाही. भैरवगढच्या छापाच्या कापडाची एक पिशवी मला दिली आणि म्हणाले, "शुक्रवारचा आठवा कालखंड तुमच्याकडे लावून घेतलाय मी." न विचारता. मी म्हटलं, "मी गणिताची बाई आहे, मला हे जमणार नाही." ते म्हणाले, "गुन्हे मोजा." आणि सायकलला पाय लावला. मला मेलीला रडू आवरेना, आणि रागही येत होता, की हा माणूस मागे वळूनसुद्धा बघत नाही.

मी अदालत भरवत राहिले, माझ्या पद्धतीने, जरा ओरडून. आजोबा साताऱ्याला गेले की शुक्रवार चुकतो म्हणून लेकीशी भांडतात. सर कधी मला फोन करत नाहीत. मला कारण माहीत आहे. गावोगावचे ते फोन आठवत असतील. बंद झालं, हे ऐकायची भीती वाटत असेल.

परवा मी शाळेत येताना घाईत शेव घेतली. दुकानदाराने प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली, मीही घेतली. कापडी पिशवी घरी खुंटीला. मधल्या सुट्टीत शेव सगळ्यांना वाटून झाली आणि मी ती पिशवी टोपलीत टाकायला हात पुढे केला. पहिलीतली एक मुलगी दारात उभी होती. याच वर्षी शाळेत आलेली, दोन शेंड्या बांधलेल्या, समोरचे दात पडलेले. घरी बंजारा बोलतात ती माणसं, मराठीचा शब्द येत नाही तिला. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "वापरली ना? आता ती तुमची."

तोच हेल. परभणीचा.

मी तिला विचारलं, "किसने सिखाया?" म्हणाली, "किसी ने नहीं. सब बोलते हैं."

मी तिथल्या तिथे सरांना फोन लावला. आवाज ओळखला त्यांनी. मग घाबरत घाबरतच म्हणाले, "बोला मॅडम. काय झालं?" मी सगळं सांगितलं. शेव, पिशवी, पडलेले दात, सगळं.

"पहिलीतली म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"म्हणजे तिने मला पाहिलेलं नाही."

"नाही हो सर. तुम्ही कोण ते तिला माहीतसुद्धा नाही."

ते हसले की रडले, फोनवर कळेना. बराच वेळ तसंच चाललं. मीही इकडे स्टाफरूममधे डोळे पुसत उभी. मग घसा साफ करून, एकदम जुन्या आवाजात त्यांनी विचारलं, "आणि पिशवी कुठाय?"

"माझ्या पर्समधे," मी म्हटलं. "जाते कुठे."